चढावर पास झालेली गाडी

गाडी घ्यायची ती माझ्यासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नाशिकच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात दलालाने खुर्ची दिली माझ्या नवऱ्याला आणि किल्ली दिली माझ्या दादाला. मला त्याने चहा दिला. गाडी ही चालवणार आहे असं नवऱ्याने सांगितल्यावर तो कौतुकाने हसला आणि पुन्हा नवऱ्याशीच बोलायला लागला. चहा बरा होता, त्या दिवसाबद्दल एवढंच चांगलं मला सांगता येईल.

मी पोशेऱ्याच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. घर जव्हारला. शाळा पाचला सुटते आणि जव्हारकडे येणारी शेवटची जीप त्याआधीच भरून निघून गेलेली असते. त्यामुळे सोमवारी पहाटे जायचं, आठवडाभर शाळेजवळच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी सकाळची शाळा उरकून दुपारी घरी यायचं, असं गेली काही वर्षं चाललं होतं. मुलगी सासूबाईंजवळ वाढत होती, तेव्हा नुकतीच पहिलीत गेली होती. मी घरात पाऊल टाकलं की ती अंगावरचा गणवेश काढायची आणि स्वतः नेऊन बादलीत बुडवायची. आई आली म्हणजे उद्या रविवार, वाळायला अख्खा दिवस. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच बसवलं होतं. शेजारणी तिच्या शहाणपणाचं कौतुक करायच्या. आईचा असा वार ठरलेला नको होता मला. रोज संध्याकाळी घरी यायचं होतं, त्यासाठी गाडी हवी होती, दुसरी काही हौस नव्हती.

नवरा स्वभावाने शांत आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रत्येक विषयात तयार होणारा. जुनी छोटी गाडी घेताना काय बघायचं ते त्याने पाठ केलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याने बरंच नीट बघितलंही. पायाखालचं कारपेट उचलून पुराचा गाळ शोधला, कारण किनाऱ्याकडच्या बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून इकडे विकतात. टायर सगळीकडून सारखे झिजलेत का, खाली गंज आहे का, क्लच फार वर येऊन उचलतो का, स्टिअरिंग वळवताना खडखड येते का, एसीने इंजिन दमतं का, कागदावर बँकेचा बोजा राहिलाय का, सगळं झालं. घाट चढवून बघू, नाही चढली तर परत, अशी बोली करून गाडी जव्हारला आणली.

घाट चढवायचं काम दादाचं. दादा दाभोशाच्या रस्त्याला जीप चालवतो. आमच्या आईबाबांचा जन्म दुसऱ्याच्या शेतावर आणि वीटभट्टीवर मजुरी करण्यात गेला. त्या घरात पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावला तो दादाने, म्हणून गाडीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आमच्याकडे गाडी बघायची रीत एकच. माणसं भरायची आणि चढावर घालायची. त्या एवढ्याशा गाडीत दादा, नवरा आणि मागे नवऱ्याचे तीन धिप्पाड मित्र बसले, डिकीत तांदळाचं पोतं. मला जागा उरली नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून माझ्या गाडीची परीक्षा बघितली.

गाडी चढली. एसी लावूनही चढली म्हणे. उतरताना दादाने ती दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकला पाय जवळजवळ न लावता खाली आणली. उतारावर जो ब्रेकवर बसतो तो ड्रायव्हरच नव्हे, हे त्याचं जुनं मत. तो खाली उतरला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, “पास.” नारळ फुटला, चाकांखाली लिंबं आली, आणि नवऱ्याने दलालाला फोन करून व्यवहार पक्का केला.

मी क्लास लावून रीतसर लायसन काढलं होतं. ठरलं असं, की काही रविवार मी घाटात सराव करायचा आणि मग एका सोमवारपासून रोज गाडीने ये-जा करायची. मुलीला मी ते सांगूनही टाकलं. तिने मान डोलावली, पण तिला फारसं कळलं नसावं.

मी शिकाऊ. शिकाऊ माणूस उतारावर घाबरतो आणि घाबरला की ब्रेक दाबतो. मीही प्रत्येक वळणाला दाबत होते. एका रविवारी असंच दाबता दाबता ब्रेकचं पॅडल एकाएकी कडक झालं, खाली दगड ठेवल्यासारखं. पाय दुखेस्तोवर रेटलं तेव्हा कुठे गाडी हळू झाली. शेजारी बसलेल्या नवऱ्याने हँडब्रेक ओढला. मी सांगितलं, गाडीत काहीतरी बिघाड आहे. तो म्हणाला, होतं असं सुरुवातीला. दादाने चालवून बघितली, अर्थातच दुसऱ्या गिअरमध्ये, आणि त्याला काहीच जाणवलं नाही. गॅरेजवाल्याने चाकं काढली, लायनर बघितले आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं की वहिनींना ब्रेकवर पाय ठेवून बसायची सवय आहे, त्याने ब्रेक तापतात. अहो, तापलेला ब्रेक मऊ पडतो, हा कडक होतोय, असं मी दोनदा म्हणाले. त्याने पान्याने हात खाजवला आणि बिल केलं.

पुढच्या रविवारी तेच झालं, पण वळणावर. रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकला होता, म्हणून आज हे लिहिते आहे. गाडी त्यात नाक खुपसून थांबली. पलीकडे दरी होती, तिच्याकडे मी बराच वेळ बघितलंच नाही. शेतावरून परतणाऱ्या बायांनी चाकांमागे दगड लावले, मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. नवऱ्याने फोन केल्यावर दादा आला, त्याने गाडी मागे घेतली, खाली वाकून बघितली आणि माझ्याजवळ येऊन बसला. प्रेमानेच बोलला, त्याचाच जास्त राग आला.

“गाडीत काय नाय गं बाय. तुजा पाय नवा हाय. तू घाटात नको चालवू.”

किल्ली त्याच्या खिशात गेली. नवऱ्याने विरोध केला नाही. सासूबाई म्हणाल्या, जीव वाचला, आता पुरे. सगळ्यांना माझी काळजी होती आणि माझ्या बोलण्यावर कुणाचाही विश्वास नव्हता. बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, जवळ आला तशी तीच गाडी माणसं भरभरून मोखाड्याला जायला लागली. माझ्यासाठी घेतलेल्या गाडीतून गावातली निम्मी पुरुषमंडळी सोंगं बघून आली, आणि मी सोमवारी पहाटे जीपच्या मागच्या फळकुटावर तिरकी बसून शाळेत जात राहिले. डोक्यात नुसती तिडीक उठायची.

शाळेमागच्या टेकाडावर एका ठिकाणी रेंज येते. मधल्या सुट्टीत मी तिथे जाऊन गाडीचं मॉडेल आणि ‘ब्रेक कडक’ एवढंच शोधायला लागले. आधी जाहिराती, मग नवऱ्याचेच ते व्हिडिओ, आणि शेवटी कंपनीचं पान मिळालं. त्या मॉडेलच्या काही गाड्यांना रिकॉल होता. म्हणजे बनवतानाच दोष राहिलाय हे कंपनीने कबूल करून गाड्या परत बोलावल्या होत्या, फुकट दुरुस्तीसाठी. दोष ब्रेकच्या बूस्टरमध्ये, पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या भागात. ब्रेक वारंवार दाबला तर पॅडल कडक होऊ शकतं, असं स्वच्छ लिहिलं होतं. आपली गाडी त्यात आहे का ते बघायला खाली चासी नंबर टाका. नंबर माझ्याकडे आरसीच्या फोटोत होता. टाकला. आमची गाडी त्यात होती. मी टेकाडावर उभी राहून रडले, रागाने रडले. एवढा एक नंबर खुर्चीवर बसून चहा पिता पिता नाशिकलाच टाकता आला असता. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबायचा, तसाच दाबून गाडी चालू करायची, पॅडल जरा खाली गेलं तर बूस्टर ठीक, एवढी साधी तपासणी कुणालाही करता आली असती. आता मी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते, ऐकायचं नसलं तरी सांगते.

वाटलं होतं, सुटले. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वेळ घ्यायला ओटीपी लागतो आणि तो पहिल्या मालकाच्या मोबाईलवर जात होता, कारण कंपनीच्या दप्तरी अजून त्याचाच नंबर. दलालाने हात वर केले. शेवटी आरसीवरच्या जुन्या नावावरून त्या गृहस्थांचा पत्ता लागला. ते ठाण्याकडचे. हो, तसे मेसेज येत असतात, ते निवांतपणे म्हणाले, मी जाहिराती समजून पुसतो. गाडी विकताना सांगावंसं वाटलं नाही का, असं विचारल्यावर म्हणाले, विचारलं कुणी? त्यांच्याकडून ओटीपी मिळाला तर सेंटरकडे पार्ट नव्हता. आला की फोन करू. फोन अर्थातच पुन्हा ठाण्याला गेला. उन्हाळ्याची सुट्टी गेली, शाळा परत सुरू झाली, मुलगी दुसरीत गेली. मी आठवड्याला सेंटरला फोन करायचे आणि प्रत्येक वेळी नवीन मुलगी मला पहिल्यापासून सगळं विचारायची.

पार्ट बसला तेव्हा गाडी दादानेच नाशिकहून आणली. येताना त्याने उतारावर मुद्दाम पुन्हा पुन्हा ब्रेक मारून बघितले असावेत. घरी आला, किल्ली माझ्या हातात दिली, मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. माफी वगैरे आमच्याकडे कुणी मागत नाही. नवरा मात्र चार जणांत सांगायला लागला, कंपनीचाच फॉल्ट निघाला, आपल्याला आधीपासून शंका होतीच. मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने विषय बदलला.

आणि मग तो सोमवार आला. मी गाडीने गेले, गाडीने आले. उतारावर दुसरा गिअर टाकला आणि ब्रेकही भरपूर वापरला. दारात गाडी लावली तेव्हा उजेड होता. मुलगी ओट्यावर पाढे लिहीत बसली होती. मला बघून उठली, पळत आली, कमरेला मिठी मारली आणि आत पळाली. किती महिने या क्षणाची वाट बघितली होती, मला हसू आवरेना. चप्पल काढून मी तिच्या मागे आत गेले.

न्हाणीत ती उघडीच उभी होती आणि बादलीत गणवेश दाबत होती.

“अगं, उद्या शाळा आहे ना,” मी म्हणाले. दुसरा गणवेश आखूड झाला होता, अंगावर होता तो एकच.

तिने भिजलेल्या शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तू आलीस ना,” ती म्हणाली.

माझा सगळा राग, दलालावरचा, दादावरचा, ठाण्याच्या त्या गृहस्थांवरचा, एकदम कुठे ठेवावा ते कळेना. मी गणवेश धुतला, पिळला आणि पंख्याखाली दोरीवर टाकला. तिला सांगितलं की मी उद्याही येणार आहे, परवाही. तिने हो म्हटलं, पण मी सहजच म्हणतेय असं तिला वाटत होतं. सकाळी शर्टाची कॉलर दमटच होती. तशीच घालून ती शाळेत गेली.