शिट्टीनं भोक बुजवलं नाही

चार वर्षांची असताना तिनं पेनचं टोपण गिळलं होतं. ते श्वासनळीत जाऊन अडकलं, पण त्याच्या टोकाला बारीक भोक होतं. डॉक्टरांनी टोपण बाहेर काढेपर्यंत त्याच भोकातून पोरीचा जीव ये-जा करत होता, आणि दर श्वासाला शिट्टी वाजत होती. घरात तिचं नावच शिट्टी पडलं. चाळिशी आली तरी ते सुटलं नाही.

पुढे ती काकांच्या पेनच्या कारखान्यात डिझायनर झाली. पेनची क्लिप नुसती खिशाला अडकवायला नसते, पेन टेबलावरून घरंगळू नये म्हणूनही असते, हे ती नव्या माणसांना कौतुकानं सांगायची.

एक दिवस मोठं गिऱ्हाईक आलं. टोपणाच्या टोकावर त्यांना स्वतःचं चिन्ह हवं होतं, म्हणजे भोक बुजवायचं. काका एका पायावर तयार.

"साचा बदल," ते तिला म्हणाले.

"नाही बदलणार."

"अगं, हल्ली कोण गिळतंय टोपण?"

"मी गिळलं होतं. तुम्हीच मला उचलून दवाखान्यात पळाला होतात."

"म्हणून धंदा घशात घालू?"

तिनं कारखान्यातलं एक टोपण ओठांत धरलं, नाक दाबलं आणि श्वास घेतला. खोलीत बारीक शिट्टी वाजली. मग गिऱ्हाइकानंच आणलेला बिनभोकाचा नमुना त्याच्यापुढे धरला. "आता तुम्ही."

त्यानं हसत ते ओठांत धरून नाक दाबलं. बघता बघता चेहरा लालबुंद झाला आणि टोपण टेबलावर थुंकलं गेलं. तरी गडी नमला नाही. ऑर्डर घेऊन दुसरीकडे निघून गेला.

"उद्यापासून पॅकिंगला बस," काका गरजले.

ती बसली. मान खाली मात्र घातली नाही. महिन्याभरानं दुसऱ्या कुणासाठी तसलीच बिनभोकाची टोपणं बनताना दिसली, तेव्हा तिनं अख्खा ट्रे काकांच्या टेबलावर ओतला.

"यांच्यावर तुमचं नाव छापा. तुमच्या नातवंडांना खेळायला द्या. मग मी आपणहून घरी जाते."

काकांनी ढिगातलं एक टोपण उचलून त्याच्या बुजलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग तिच्याकडे न बघताच साचेवाल्याला हाक मारून म्हणाले, "भोक राहू दे रे."

तिनं आभार मानले नाहीत. पॅकिंगच्या बाकावरून आपली पिशवी उचलली आणि जुन्या टेबलाशी जाऊन बसली.