पुन्हा बाराचं पान

आमच्या सुआबुए गावात फोटो काढायचा तर बीगिमकडेच जावं लागतं, कारण दुसरं दुकान नाही. तिच्या समोर माझं पेजेचं दुकान. मी गिऱ्हाइकांना पेज वाढते आणि ती काचेपलीकडून बघते, असं आमचं अर्धं आयुष्य गेलंय. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. तिला नाही आवडलं तर तिने दुसरीकडे जाऊन पेज प्यावी.

आमच्या या किनमेन बेटावर फौज होती तेव्हा गावात माणसांपेक्षा शिपाई जास्त. प्रत्येक पोराला आईला पाठवायला फोटो हवा असायचा. फोटो बीगिमचा बाप काढायचा आणि ही शाळेतून आली की दिव्याच्या पेटीसमोर बसून टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरचे मुरुम पुसायची. हात असा बसला तिचा की विचारू नका. मिटलेले डोळे उघडायची, फाटकी कॉलर शिवायची. मासेमारीला गेलेला एक बाप समुद्रातच राहिला होता. त्याच्या चार मुलांनी रडत रडत सांगितलं, बाबांबरोबर आमचा एकही फोटो नाही. बीगिमने ओळखपत्रावरचा बाप उचलला, चौघांच्या मधे उभा केला, अंगात कोट घातला आणि एक हात थोरल्याच्या खांद्यावर ठेवला. त्या घरची सून अजून पाहुण्यांना सांगते, सासऱ्यांनी त्या दिवशी मुद्दाम नवा कोट घातला होता. बाई लग्न होऊन आली तीच मुळी सासरा गेल्यानंतर.

पुढे फौज उठली आणि निम्मी बाजारपेठ तिच्याबरोबर गेली. बीगिमचा नवरा तैवानला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तिने रडारड केली नाही. कॉम्प्युटर घेतला, वरून कॅमेरा टांगलेलं एक टेबल घेतलं आणि दारावर पाटी लावली: जुन्या पुस्तकांच्या फाइली करून मिळतील. मी म्हटलं, "कोण येणार आहे तुझ्याकडे? इथे नव्या पुस्तकांना कुणी विचारत नाही." पण आले लोक. जमिनीचे कागद, देवळांच्या पोथ्या, बंद पडलेल्या शाळांचे अंक. माझं भाकीत चुकलं, हे ती अजून ऐकवते.

मग लू मंडळींनी आपल्या पूर्वजांच्या देवळाची दुरुस्ती काढली. आमचं गाव निम्म्याहून जास्त लूंचंच आहे. देवळाबरोबर वंशावळही नवी छापायची ठरली. त्यांचे मुख्य चुनसेंगशेठ, धंद्याने बांधकामवाले, ते जुनी पोथी लाल कापडात गुंडाळून बीगिमकडे घेऊन आले. ही पोथी देवळातल्या पेटीत कुलपात असायची. चार म्हाताऱ्यांशिवाय ती कुणी उघडलेली नाही.

"हात धुऊन हात लाव," शेठ म्हणाले.

"तुम्ही धुतलेत का?" बीगिमने विचारलं. शेठनी पोथी टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतले.

आता ही पोथी कशी असते, ते सांगायलाच हवं. एक लांब कागद एकाच बाजूने छापायचा आणि मधोमध घडी घालायची. पानाचा आकडा बरोबर घडीवर छापलेला असतो. म्हणजे आकडा एक आणि तोंडं दोन. शिवण उजवीकडे, वाचायचं उजवीकडून डावीकडे. बीगिमने प्रत्येक फोटोचे दोन तुकडे केले, पण पहिल्या खेपेला कॉम्प्युटरने डावा तुकडा आधी लावला. चुनसेंगशेठांनी फाइल उघडली तर नातू आधी आणि आजोबा मागून.

"आमच्या घराण्यात अशी पद्धत नाही," शेठ फोनवर ओरडले. मला माझ्या चुलीपाशी ऐकू आलं.

ते निस्तरलं तर आकड्यांचा घोळ सुरू झाला. शेठ विचारायचे, "माझे पणजोबा अठराव्या पानावर आहेत ना?" ही फाइलमधलं अठरावं उघडायची, तिथे भलतीच मंडळी. शेठ पोथीचा आकडा बोलायचे, ही पडद्यावरचा. छापील अठरा म्हणजे फाइलमधलं सदतीस, हे शेठच्या गळी उतरवता उतरवता तिच्या नाकी नऊ आले. शेवटी तिने दोन्ही आकडे जुळवायला घेतले. घडीवरचे डाग पुसून आकडे स्वच्छ केले, प्रत्येक पानाला छापील आकड्याप्रमाणे नाव दिलं, आणि काम देऊन टाकलं.

नवी वंशावळ तयार झाली की जुनी पोथी जाळून पूर्वजांकडे पाठवायची, ही लूंची रीत. एका घरात दोन पोथ्या राहिल्या तर भांडणं लागतात म्हणे. पंचांगात दिवस चांगला निघाला, आणि पुढचा चांगला दिवस बराच लांब होता. म्हणून नवी छापून यायच्या आधीच, नुसत्या फाइलच्या भरवशावर, यांनी जुनी जाळून टाकली. मंडळींना फार घाई. मग शेठनी ती फाइल सगळ्या लूंना फोनवर धाडली.

इथे तिकहोककाका येतात. लू तिकहोक, चौऱ्याऐंशीचे, कालवं सोलून पोट भरलेला माणूस. मुलगा ब्रुनेईला, बायको गेलेली. त्यांचा पणजोबा लूंच्या घरात जन्मलेला नव्हता. लूंपैकी एकाला मूल नव्हतं, त्याने होडीवरच्या लोकांकडून एक पोरगं विकत घेऊन वाढवलं, ते हे. आमच्याकडे अशी पोरं कितीतरी घरांत आली. पण वंशावळीत ती लिहितात की नाही, हे ज्या त्या घराण्यावर. काकांना लहानपणापासून गावची पोरं चिडवायची, "विकतच्याचं नाव पोथीत नसतं!" पोथी कुलपात. काकांनी कधी पाहिली नाही आणि दाखवा म्हणून कधी म्हटलं नाही. पण दर अमावास्येला न सांगता देवळाचं अंगण मात्र झाडून यायचे, चाळीसएक वर्षं. देवळाच्या उद्घाटनाला वंशावळीतून एकेका शाखेचं नाव पुकारणार आणि त्या शाखेचा वडीलधारा पुढे जाऊन उदबत्ती लावणार होता. काकांनी त्यासाठी नवे बूट आणले होते.

फाइल फोनवर आली त्या सकाळी ते माझ्याकडे पेज प्यायला आले. बीगिम तिथेच बसली होती. काकांनी फोन तिच्यापुढे सरकवला. "पोरी, माझे डोळे गेले. यात माझ्या पणजोबांचं, लू थियानसूचं नाव बघ ना कुठे आहे."

बीगिमने पुढून शोधलं, मागून शोधलं. पेज गार झाली. "सापडत नाही हो काका. थांबा, परत बघते."

"राहू दे," काका म्हणाले. "मला ठाऊक होतं." आवाज अगदी साधा. पेज संपवली, पैसे ठेवले आणि गेले. वाईट वाटलेला माणूस चेहऱ्यावर दिसतो. यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आयुष्यभर ज्या उत्तराची वाट पाहिली तेच मिळालं, असं काहीतरी. मला तर त्या चुनसेंगच्या टाळक्यात पळी घालावीशी वाटली.

बीगिम मात्र पांढरी पडली होती. "वहिनी, चला माझ्याबरोबर," म्हणाली. मी चूल तशीच टाकून गेले. तिने कपाटातून कॅमेऱ्याच्या कार्डांचा डबा काढला. मूळ फोटो ती कधी पुसत नाही, बापाची शिस्त. कार्ड लावलं आणि एकेक फोटो बघत गेली. एका ठिकाणी थांबली आणि कपाळावर हात मारला.

एकाच फोटोत उजव्या कडेला बाराव्या पानाचं मागचं तोंड, आणि डाव्या कडेला आणखी एक बारा. फक्त त्या दुसऱ्या बाराच्या डोक्यावर एक बारीकसं अक्षर होतं, अर्धं किड्याने खाल्लेलं. आमच्या लिपीत त्या एकाच अक्षराचा अर्थ 'पुन्हा'. पुन्हा बारा. पोथी शिवून झाल्यावर कुणाला नंतर आत घ्यायचं तर पुढचे सगळे आकडे कोण बदलणार? म्हणून मधे एक पान घालायचं आणि त्याला आधीचाच आकडा द्यायचा. त्या पानावर पहिलंच नाव होतं लू थियानसू. त्याच्याखाली मुलगा, नातू, आणि शेवटी तिकहोक.

"ते अक्षर मला डाग वाटलं," बीगिम म्हणाली. "पुसलं मी ते. मग आठवड्याने आकडे लावायला बसले तर बारा दोनदा. त्या दिवशी लाइट गेले होते, काही पानांचे फोटो दोनदा काढले होते. म्हटलं, हेही त्यातलंच. टाकलं काढून."

"अगं, पण वाचायचं तरी!"

"नावांच्या रांगा वहिनी, सगळ्या सारख्याच दिसतात. मी कडाच बघत होते."

दुसरी असती तर गप्प बसली असती. ही तशीच उठली, पान छापलं आणि चुनसेंगशेठच्या दारात गेली. मी सोबत. शेठनी आणखी दोन म्हाताऱ्यांना बोलावलं. तिघांनी चष्मे चढवून कागद बघितला. बीगिमने आपली चूक सांगितली, काही लपवलं नाही.

"जुनी पोथी असताना तुम्ही कुणी हे पान पाहिलं होतं का?" तिने विचारलं.

तिघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं. पेटीची किल्ली सांभाळणारे लोक हे! पोथीला नमस्कार करायचे, प्रत्येकजण आपलं पान तेवढं वाचायचा आणि परत बांधून ठेवायचा. बाराव्या पानाशी कुणाचंच काही अडलेलं नव्हतं.

शेठ हसले. "काम मात्र झकास केलंयस. किड्यांची भोकंसुद्धा!"

"मी नाही केलेली भोकं. किड्यांनीच केली."

"असू दे गं. आम्ही काय तुला ओळखत नाही?"

बीगिमने कार्ड पुढे केलं. "मूळ फोटो बघा. बाराची दोन्ही पानं एकाच फोटोत आहेत."

"मेलेला बाप आणि चार मुलंही एकाच फोटोत आहेत," शेठ म्हणाले. "त्या घरात अजून टांगलेत."

"फोटोवरची तारीख बघा मग."

"तारीख बदलता येत नाही?"

बीगिमला खोटं बोलता येत नाही, हीच पंचाईत. "येते," म्हणाली.

मी मधे पडले. म्हटलं, कार्ड डब्यातून निघालं तेव्हा मी शेजारी उभी होते. तर एक म्हातारा म्हणतो, "तुम्ही दोघी एका ताटात जेवता, तुमची साक्ष कशी धरायची?" अस्सा संताप आला मला!

पण मग शेठनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "हे बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "तिकहोक चाळीस वर्षं आपलं अंगण झाडतोय. एक पान वाढल्याने आपलं काय जाणार आहे? छापणाऱ्याला मी आत्ता फोन करतो. घालू या." दोघांनी माना डोलावल्या. उठता उठता शेठ बीगिमला कौतुकाने म्हणाले, "आणि 'पुन्हा बारा' हा आकडा बरा सुचला हं तुला. अगदी जुना वाटतो."

"मला सुचला नाही तो!" बीगिम ओरडली. रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठलं. तिघे हसत हसत आत गेले.

बघा म्हणजे. काम झालं होतं, जे हवं ते मिळालं होतं, आणि घरी येईपर्यंत ही बाई दातओठ खात होती. मी म्हटलं, "जाऊ दे, काकांना तर सांगू." गेलो. बीगिमने काकांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्या पानाची दुसरी प्रत पुढे ठेवली, नाव वाचून दाखवलं. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हो का? बरं, बरं." एवढंच.

उद्घाटनाला आम्हा बायकांना उंबऱ्याबाहेर जागा. नव्या वंशावळीतून नावं पुकारत पुकारत बाराव्या पानावर आले, आणि मग पुकारलं: "पुन्हा बारा. थियानसूची शाखा!" तिकहोककाका नवे बूट काढून आत गेले. ते उदबत्ती लावायला वाकले तेव्हा शेठनी त्यांना कोपराला धरलं. मला रडू आलं, यात लपवायचं काय? बीगिम खांबाला टेकून उभी होती, तिचंही नाक लाल.

दुसऱ्या दिवशी काका सोललेल्या कालवांची टोपली घेऊन तिच्या दुकानात आले. मी समोरून गेलेच. काकांनी टोपली टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात जोडून तिच्यापुढे वाकले, आपल्या मुलीच्या वयाच्या बाईपुढे.

"काका, असं काय करताय!" बीगिम घाबरली. "मी काही केलं नाही. उलट चूकच केली. तुमच्या पणजोबांचं नाव पोथीत होतं हो. आधीपासून होतं. पूर्वजांची शपथ घेऊन सांगते."

"होतं, होतं," काका म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कुणी विचारलं तर मी असंच सांगेन. तू घाबरू नकोस."

"काका, खरंच होतं!"

"माझे वडीलही हेच सांगायचे, पोरी. मी चिडून रडत घरी आलो की मला मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, आपलं नाव आहे त्यात, मी स्वतः पाहिलंय. पोराचं मन राखायला बिचारे इतकं खोटं बोलायचे. आज तूही बोललीस." त्यांनी डोळे पुसले. "फार चांगली माणसं भेटली मला."