वाकळेचा उघडा कोपरा

सुभद्राबाईंची आणि माझी पहिली गाठ भांडणानं पडली. हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहू नये, असं समितीतल्या दोघांनी मला बजावलं आहे. पण मग मी लिहू तरी काय? लोहाऱ्याच्या एसटी थांब्यामागं, पत्र्याच्या दोन खणांत, त्यांच्या महिला सहकारी संस्थेचं दुकान होतं. जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा, घोंगड्या, दुरड्या, सगळा माल बायकांच्या हातचा. मी तेर गावची, नुकती लग्न होऊन आलेली, आणि अंगात मॅट्रिक झाल्याची मिजास. एक वाकळ आवडली म्हणून भाव पाडून मागितला. सुभद्राबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि म्हणाल्या, "हिचा भाव शिवणारीनं सांगितलाय, बाई. म्या न्हाय. कमी करायचा असंल तर तिच्या दारात जाऊन तिला म्हना."

मी तणतणत घरी गेले. पण ते बोलणं काही डोक्यातून जाईना. पुढच्या बाजाराला वाकळ घ्यायला म्हणून गेले आणि संस्थेची चिटणीस होऊन तिथंच चिकटले. सारा तालुका त्यांना आक्का म्हणतो, म्हणून इथून पुढं मीही तेच लिहिते.

आक्का बौद्धवाड्यातल्या. गिऱ्हाईक आलं की वाकळ उलगडून शिवणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्या आधी सांगत. नाव ऐकून काहीजण हातातली वाकळ खाली ठेवत. आक्का ती निमूट घडी करून पुन्हा थप्पीवर ठेवत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच नाव तितक्याच खणखणीत आवाजात सांगत. मी चिडायचे, एवढं सांगायचं कशाला म्हणायचे. नाव लपवून विकलेला माल चोरीचा वाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या सासूबाई, मी आक्कांच्या हातचं पाणी पिते म्हणून माझं ताट वेगळं मांडत. त्याच सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आक्कांनी मऊ जुन्या लुगड्यांची वाकळ धाडली. शिवणारीचं नाव सांगायला मला बजावलं होतं, आणि ते नाव आक्कांचं स्वतःचं होतं. सासूबाईंनी ती शेवटपर्यंत पांघरली.

आता दुष्काळाचं. त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख खोटा होईल.

आमच्या बायकांची एक रीत होती. वाकळ शिवून होत आली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा वाळका तुकडा घालायचा आणि मग टाका मारायचा. पांघरणाऱ्याला अन्न कमी पडू नये, म्हणून. त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले. बायका दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडत आणि जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली बसून वाकळा शिवत. भाकर रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची, लालसर, घशाखाली न उतरणारी, आणि तीही अर्धीमुर्धी. मी म्हणाले, औंदा रीत राहू द्या. आक्का ऐकेनात. "आपल्याजवळ न्हाय म्हनून लोकाला उपाशी पांघरून द्यायचं व्हय?" त्या संस्थेच्या अध्यक्ष, त्यांचा शब्द कोण मोडणार? घरात लेकरं भुकेनं रडत होती आणि वाकळेच्या पोटात भाकर! आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संस्थेची मोठी मागणी आली होती. माल बांधण्याआधी मी प्रत्येक कोपरा चिमटीत धरून पाहायचे, तुकडा बोटाला लागतो का म्हणून. थप्पीतल्या कितीतरी वाकळांचे कोपरे मऊ लागले. उसवून, तुकडा काढून, पुन्हा शिवलेले. आमच्यात बाईचा टाका अक्षरासारखा ओळखू येतो. तो गयाचा होता. गया दुकानामागच्या गल्लीत राहायची आणि वाकळांच्या घड्या घालायची. नवरा ऊसतोडीला गेला तो परतलाच नव्हता. पदरात मुलगी कमल आणि धाकटा मुलगा.

सभा भरली. मालाला हात लावणारीला संस्थेतून काढायचं, हा नियम आम्हीच केलेला. आणि काढलं तर गयाच्या घरात येणारं उरलंसुरलं काम जाणार, हे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी बायका तिच्यावर तुटून पडल्या, कारण प्रत्येकीनं तो तुकडा आपल्या लेकराच्या तोंडचा काढून घातला होता. गया खांबाला टेकून खाली मान घालून बसली होती. आक्का उठल्या.

"उसवलं गयानं, पर उसवायची पाळी आनली म्या. लेकराच्या तोंडात जायाचा घास म्या कापडात शिवायला लावला. काढायचं तर मला काढा."

सभेनं त्यांचा शब्द उचलून धरला. गया राहिली आणि आक्कांचं अध्यक्षपद गेलं. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या, कुलूप काढलं आणि झाडायला लागल्या. पुण्याला वाकळा गेल्या त्या रिकाम्या कोपऱ्यांच्याच. तिकडं कुणाला काही कळलंही नाही.

गयाचा धाकटा वाचला नाही. पाऊस यायच्या आधीच हगवणीनं गेला. आक्कांनी स्वतःच्या लुगड्याचं दुपटं शिवलं, कोपऱ्यात आपल्या घरची चतकोर भाकर घातली आणि त्यात त्याला गुंडाळलं. गया म्हणाली, "आता कशाला, आक्का?"

तेव्हापासून दुकानातल्या वाकळांचा शेवटचा कोपरा उघडा असतो. दाराशी दुरडीत, फडक्याखाली भाकर ठेवलेली असते. भुकेल्यानं घ्यावी, कुणी विचारत नाही. वाकळ विकली गेली की उरल्यातला तुकडा घालून गिऱ्हाइकासमोर कोपरा शिवायचा. दुरडी रिकामी झाली असेल तर गिऱ्हाइकानं उद्या यायचं. लोक वैतागतात, दोन शब्द ऐकवून जातात. आज दुकान कमल चालवते. तीही ऐकून घेते आणि उद्या या म्हणते.

पंचाहत्तरीच्या सत्काराचं विचारायला गेलो तेव्हा आक्का आमच्यावरच उखडल्या. "सत्कार कशाचा? त्या लेकराचं नाव लिवनार असाल तर करा." म्हणून लिहिते. त्याचं नाव बापू होतं.

आक्का, कमलनं तुमच्यासाठी वाकळ शिवली आहे. सगळ्याजणींनी एकेक टाका घातला, मीही घातला, वाकडाच आला. तुमची तब्येत धड राहो, डोळे शाबूत राहोत, आणि माझ्यासारखीला गप्प करायची ताकद तुमच्या जिभेत राहो. या वाकळेचा कोपरा मात्र आम्ही शिवणार नाही. भाकर आत ठेवली आहे. भूक लागेल तेव्हा काढून खा, रोज नवी घालायला कमल आहे.