विठाबाईचा उपास

श्यामकांत आगाश्यांनी अंबरनाथच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडली आणि निसर्गोपचार शिकायला ते देशावरच्या एका आश्रमात गेले, तेव्हा सगळ्या आळीनं त्यांना वेड्यात काढलं. दोन वर्षं शिकले काय, तर अंगाला चिखल फासून उन्हात बसायला! पण माणूस पक्का. शरीर आपलं आपण बरं होतं, वैद्यानं फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हे त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं. आश्रमाचा एक नियम फार कडक: जो उपचार स्वतः घेतला नाही, तो रोग्याला द्यायचा नाही. श्यामकांतांनी ऐन थंडीत गार पाण्याच्या टबात बसून स्नानं घेतली, अकरा दिवस नुसत्या पाण्यावर काढले.

त्रेपन्न साली त्यांनी बदलापुरात दोन खोल्यांचा दवाखाना थाटला आणि नियम आणखी ताणला. रोगी उपाशी, तर डॉक्टरही उपाशी. बायको, वृंदा, वैतागायची. "अहो, रोगी उठून बसायचा आणि तुम्ही आडवे व्हायचे!"

ज्येष्ठात खरवईहून विठाबाई आली. दोन्ही हातांना इसब, बोटं चिरलेली, पाणी लागलं की नुसती आग. भाताची लावणी महिन्यावर आलेली. "हात बरं नाय झालं, तं लावनीला मना कोन बोलावनार, डाक्टर? पोरं काय खानार?"

श्यामकांतांनी झोप, शौच, तहान, घाम, सगळं विचारून वहीत उतरवलं. हातांना मातीचा लेप आणि पाच दिवस लिंबूपाण्यावर उपास. "घाबरू नका, विठाबाई. तुमच्याबरोबर मीही उपाशी," ते म्हणाले.

विठाबाई रोज चालत यायची, लेप लावून घेऊन चालत जायची. तिसऱ्या दिवशी श्यामकांत कसे टवटवीत! सकाळी नदीपर्यंत फिरून आले, वृंदेला म्हणाले, "बघ, अंग पिसासारखं हलकं झालंय." आपल्याला सोसतंय म्हणजे तिलाही सोसतंय, असा या शहाण्यांचा हिशोब.

चौथ्या दिवशी विठाबाई दवाखान्याच्या उंबऱ्यातच कोसळली.

श्यामकांत तिचं मनगट धरून बसले. नाडी हाताला लागेना. वृंदा मात्र कोणाला न विचारता पेज घेऊन आली आणि बाई जरा शुद्धीवर येताच चमच्याचमच्यानं पाजू लागली. पुष्कळ वेळानं विठाबाई नीट बोलती झाली.

"अहो, चक्कर येत होती तर सांगायचं नाही का?" श्यामकांत जवळजवळ ओरडलेच.

"तुमीबी उपाशीच व्हतात ना? तुमाला काय व्हत नव्हतं. मंग मी कशी सांगू?"

"उपासाच्या आधी जेवत काय होतात?"

"या दिसांत काय असतंय? नाचनीची येक भाकर. सांच्याला पोरांचं उरलं तं."

श्यामकांतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजाराचं मूळ शोधा, माणूस कसा जगतो ते आधी पाहा, हेही आश्रमातच शिकवलं होतं की! वहीभर प्रश्न विचारले आणि ताटात काय पडतं तेवढंच विचारायचं राहिलं. त्यांनी लिंबूपाणी बंद केलं. खाली मान घालून म्हणाले, "विठाबाई, चुकलं माझं. आता दोन वेळा पोटभर जेवायचं. भाजी, वरण, कपभर दूध. हाच उपचार."

विठाबाईनं चिरलेले हात पदराखाली घेतले. मग भीतभीत म्हणाली, "डाक्टर, त्यापरीस उपासच नाय का चालनार?"

दोन वर्षं शिकले होते बिचारे. याचं उत्तर तिथं कुणी शिकवलं नव्हतं.