आमची निरोगी गल्ली

आमच्या गल्लीत कुणालाही कसलाही आजार नाही. हे मी म्हणत नाही, एका धर्मादाय संस्थेनं शिक्का मारून लेखी दिलंय. ते पत्र आमच्या कपाटात आहे, औषधांच्या डब्याखाली.

आम्ही राहतो सोलापुरात, होटगी रस्त्याच्या बाजूला. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. घरात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना शुगर, आणि टाचेला एक जखम, जी काही केल्या भरत नव्हती. दिवसाआड ड्रेसिंग पाहिजे, आणि दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन रिक्षा बदला, रांगेत उभं राहा! आत्या एकदा जायच्या आणि तीनदा बुडवायच्या. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "ड्रेसिंग असंच चुकत राहिलं तर पाय वाचणार नाही."

तेवढ्यात शाळेच्या फलकावर नोटीस लागली. एक संस्था वस्त्यांना आरोग्यासाठी अनुदान देणार होती. मी म्हटलं, झालं काम! आमच्या विहाराच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस नर्स बसवायची. शुगर तपासा, बीपी बघा, ड्रेसिंग करा. आत्यांना फक्त गल्ली ओलांडायची!

अर्ज होता अठरा पानांचा. त्यात 'समस्येचे स्वरूप' तीनदा विचारलं होतं (पहिल्या दोन वेळी त्यांना पटलं नसावं). मी दारोदार फिरून रुग्णांची यादी केली. एकोणतीस नावं! पहिलं नाव आत्यांचं. मग शेजारच्या शकुताई, बीपी. मग गौतममामा, रोज पोटात इन्सुलिन. यादी इतकी सुरेख झाली की मीच ती दोनदा वाचली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बरंच काही होतं. ते न वाचता मी झोकात सही ठोकली. (शाळेत मी पालकांना रोज ओरडते, "वाचून सही करा!")

आता इथंच थांबले असते तर? पण नाही. त्याच महिन्यात माझी नणंद प्रज्ञा हिला नातेपुत्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, स्वभावानं गरीब, प्रज्ञाला पसंत. आत्या मात्र घाबरलेल्या. आधीचं एक चांगलं स्थळ मोडलं होतं ते शुगरपायी. मुलाकडच्या दोघांनी विम्याची माणसं असल्याचं सांगून गल्लीत गुपचूप चौकशी केली होती, आणि कुणीतरी भोळेपणानं बोलून गेलं होतं, "त्यांच्या घरात शुगर हाय की, पिढीजात!"

तेव्हा आत्या मला म्हणाल्या, "सुनीता, यावेळी गल्लीला नीट सांगून ठेव बाई."

मी सांगून ठेवलं. आणि मी एखादी गोष्ट सांगितली की नीटच सांगते! पुन्हा तीच सगळी घरं फिरले. "हे बघा, अनोळखी माणसं येतील. गोड बोलतील. म्हणतील, विम्याचे आहोत, नाहीतर संस्थेकडून आलोय, सर्व्हे करतोय. अजिबात विश्वास ठेवू नका! आजारपणाचं विचारलं की एकच उत्तर, कुणालाच काही नाही."

"आन् तुमच्या त्या नर्सबाईची मान्सं आली तर?" गौतममामांनी विचारलं.

"ते आधी पत्र पाठवतील," मी ठामपणे म्हणाले. (कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही!)

एका मंगळवारी दुपारी शाळेत शकुताईंचा फोन आला. आवाज आनंदानं नुसता फुटत होता.

"वैनी, आली की नातेपुत्याची मान्सं! एक मॅडम आन् एक सर. म्हनत्यात संस्थेकडून आलोय. तुमी सांगितल्यागतच!"

"मग?"

"मग काय! विचारलं, बीपी हाय का? मी म्हनलं, ते काय असतंय? लई बेरकी मान्सं बघा. त्यांच्याकडं आपल्या सगळ्यांच्या नावाची यादी हाय, टाईप केलेली! कुनाला काय झालंय, सगळं लिवलंय. कुनी दिली असंल ओ?"

माझ्या हातातून दाखल्याचं रजिस्टर खाली पडलं. मी स्कूटी काढली. सिग्नल बघितला का? आठवत नाही.

गल्लीत पोचते तो काय! गौतममामा ओट्यासमोर बैठका मारत होते. वय सत्तर! सर वही घेऊन उभे आणि मामा धापा टाकत म्हणतायत, "इन्सुलिन? आमी तर... साखर... नुसती... खातो!" पुरावा म्हणून त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला. मामी दारामागं पदराचा बोळा तोंडात धरून रडत होत्या.

मी धावत मॅडमपुढं गेले. "मॅडम, मी सुनीता. अर्ज माझाच आहे. हे सगळे आजारी आहेत हो! खरंच आजारी आहेत!"

मग शकुताईंनी माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं. "वैनी, येड लागलंय का? नणंदंचं वाटोळं करताय व्हय?"

"अहो, हे खरंच संस्थेचे आहेत!"

"व्हय व्हय, संस्थेचेच हायत," शकुताई मोठ्यानं म्हणाल्या आणि मला डोळा मारला. मग मॅडमकडं वळून, "मनावर घिऊ नका. वैनींना ऑफिसात काम लई असतंय."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, माझ्या घरी चला, आमच्या आत्यांची जखम बघा, मग बोला!

आत्या दारातच उभ्या होत्या. नवं लुगडं नेसलेल्या, आणि पायात प्रज्ञाचे कॅन्व्हासचे बूट! ज्या पायाला साधी चप्पल सोसत नव्हती, तो पाय त्यांनी बुटात कोंबला होता.

"आत्या, बूट काढा," मी हात जोडले. "पाया पडते, एकदा पाय दाखवा!"

"परक्या मान्सांपुढं पाय दाखवू? काय रीत हाय का न्हाय? पायाला काय झालंय माझ्या?" असं म्हणून त्या जिन्यानं गच्चीवर गेल्या आणि खाली आल्या. परत गेल्या, परत आल्या! चेहऱ्यावर हसू, कपाळावर घाम. शिवाय त्यांनी पाहुण्यांना चार चमचे साखरेचा चहा पाजला आणि स्वतःही प्यायल्या.

"पण पाहणीचं आधी कळवायचं तरी होतं!" मी रडकुंडीला आले.

सरांनी अर्जाचं शेवटचं पान काढलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाहणी कधीही, पूर्वसूचनेशिवाय होईल. खाली माझी झोकदार सही.

ते गेल्यावर आत्यांचा बूट काढला. पट्टी रक्तानं भिजलेली. मी पट्टी बदलत ढसाढसा रडले. रागानं की कशानं, कुणास ठाऊक. आत्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको. पोरीचं जमू दे, मग पायाचं बघू."

पोरीचं जमलं. साखरपुड्यात मी मुलाच्या आईला हळूच विचारलं, "तुमच्याकडून चौकशीला कोण आलं होतं?" त्या म्हणाल्या, "चौकशी कशाला? मुलगी आवडली, झालं. आन् चहा बिनसाखरेचा द्या बरं, मला शुगर हाय." त्यांच्या शेजारी आत्या बसल्या होत्या, हातात बिनसाखरेचाच कप. दोघी विहिणींनी एकमेकींच्या कपाकडं बघितलं आणि तासभर गोळ्यांच्या नावांवर गप्पा मारल्या. माझ्या डोक्यात नुसता जाळ!

आता मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आत्यांना स्कूटीवर ड्रेसिंगला नेते. जखम अजून आहे. पाय आहे, हेच खूप.

संस्थेचं पत्र आलं. 'आपल्या वस्तीचे आरोग्य अनुकरणीय असल्याने अनुदानाची गरज दिसून येत नाही.' आणि खाली, निरोगी वस्ती कशी घडवली यावर मी इतर वस्त्यांसमोर चार शब्द बोलावेत, अशी विनंती! मी गेले. म्हटलं, सगळ्यांसमोर खरं काय ते सांगूनच टाकते.

कार्यक्रमाआधी सगळ्यांचं बीपी मोफत बघत होते. नर्सनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, परत बांधला. "मॅडम, फार वाढलंय तुमचं. गोळी घेता का? घरात कुणाला आहे?"

समोर पहिल्या रांगेत, माझं भाषण ऐकायला आलेली आमची अख्खी गल्ली बसलेली. शकुताईंनी माझ्याकडं बघून डोळे वटारले.

"छे हो!" मी म्हणाले. "आमच्या घरात कुणालाच काही नाही!"

माझी लेक आत्ता दुसरीत आहे. पण चौकशीला माणसं काय, कधीही येतात, पूर्वसूचनेशिवाय!