चौथी चकती

शाळेत त्यांना सगळे भंगारवाल्या बाई म्हणत आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. पहिलीचा वर्ग त्यांनी कधी सोडला नाही. बढती चालून आली तेव्हा, वरच्या वर्गांत आपणच बिघडवून पाठवलेली मुलं असतात, ती पुन्हा कशाला पदरात घेऊ, असं म्हणून त्यांनी ती परतवून लावली. वर्गात फळा होता, पण बाईंचा भरवसा डब्यांवर. बाटल्यांची बुचं, रिकामी रिळं, खडे, शिंपले, पुठ्ठ्याचे तुकडे, जे जे लोक घराबाहेर फेकतात ते ते या वर्गात मानाने येऊन बसे. घरी नवऱ्याच्या शर्टाला बटण म्हणून राहत नसे. माझी बटणं सध्या पहिलीत शिकतात, असं तो आल्यागेल्याला सांगे.

बाईंचं म्हणणं असं की आकडा आधी हाताला कळला पाहिजे. मुठीत पाच खडे मावतात की नाही हे ज्याच्या मुठीला ठाऊक नाही, त्याने पाटीवर पाच कितीही सुबक काढला तरी ते नुसतं चित्र. म्हणून त्यांच्या वर्गात पाणी सांडे, रंग लागे, तराजू कलंडे, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई भिंतीवर पट्टी आपटत. पण या सगळ्या गोंधळात बाईंचा आवाज कधी चढत नसे. काही फुटलं, हरवलं, तर मुलाने येऊन सांगायचं आणि विषय तिथेच मिटायचा. मुख्याध्यापिकेला, म्हणजे मोठ्या बाईंना, हे लाड वाटत. मात्र पहिलीतली पोरं शाळेत रडत येत नसल्यामुळे त्या गप्प बसत.

त्या दिवशी ‘गोल’ शिकायचा होता. मुठीत मावेल अशी घरातली कुठलीही गोल वस्तू आणा, असं बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं. बुचं आली, बांगड्या आल्या, एकाने आजोबांच्या काठीचा रबरी तळवा उपटून आणला. आणि ज्याला सगळे वकील म्हणत, कारण तो पाणी प्यायला जातानाही मुद्दे मांडत असे, त्याने चकचकीत चकत्या आणल्या. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बाईंचा चष्मा गळ्यात लटकलेला असायचा, नाकावर क्वचितच. कोटाची दाबबटणं असतील असं त्यांना वाटलं. वर्गातला सगळ्यात सुरेख गोल हा, असं म्हणून त्यांनी स्वतःच त्या चकत्या मुलांच्या हातांतून फिरवल्या.

मधल्या सुट्टीनंतर आवराआवर चालली होती. एका मुलाने एक चकती आणून बाईंसमोर धरली. यावर अधिकचं चिन्ह आहे, पण बेरीज कुठेच नाही, अशी त्याची तक्रार होती. बाईंनी हसत चष्मा चढवला आणि चकती उलटसुलट करून पाहिली. ते बटण नव्हतं, घड्याळातला सेल होता. त्यांच्या जावेच्या धाकट्याने असाच एक गिळला होता. संपलेला सेलसुद्धा शरीरात ओलाव्याला लागला की आतल्या आत जाळत जातो, हे तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या कानात होतं. त्या पोराने काय सोसलं ते तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सतरंजीवर तीन सेल मिळाले. किती आणले होते रे, असं त्यांनी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, चार.

मोठ्या बाई धावत आल्या. डबे उपडे झाले, सतरंज्या झटकल्या, दप्तरं रिकामी केली, मुलांचे खिसे उलटे केले, केरसुणीने कोपरा न् कोपरा काढला. चौथा सेल काही सापडेना. वकिलाच्या वडिलांना फोन लावला तर त्यांनाच धक्का बसला. टाकाऊ सेलांचा डबा टेबलाखाली असतो, त्यातून पोराने किती उचलले ते देवच जाणे, म्हणाले. मोठ्या बाईंचा जीव जरा भांड्यात पडला. सहा वर्षांच्या पोराचे चार ते, तीनही असू शकतील, उगाच सगळ्या पालकांना घाबरवून शाळेची अब्रू चव्हाट्यावर का आणायची, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बाई वकिलासमोर उकिडव्या बसल्या. त्याने न विचारताच दोन्ही मुठी पुढे केल्या.

“दोन या मुठीत होते, दोन या मुठीत. दोन्ही हात भरलेले, म्हणून मी दार पायाने ढकललं.”

बाई उठल्या. “चार होते,” त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. “हा चार म्हणतोय तर चारच.”

म्हणजे चौथा सेल या खोलीतल्या कुणाच्या तरी पोटात असणार, आणि कुणाच्या ते ठाऊक नव्हतं. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. सगळी पोरं नेहमीसारखीच दिसत होती, एवढीशी, मळकी, एकमेकांना कोपराने ढोसणारी. यांतलं एक आतून जळतंय या विचाराने त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. त्या ओरडल्या. कुणी घेतली ती चकती, आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर एकेकाला बघते, असं काहीतरी त्या ओरडल्या आणि टेबलावर हात आपटला.

पुढच्या रांगेतली दोन पोरं रडायला लागली. बाकीची मान खाली घालून बसली आणि कुणाच्याही तोंडून शब्द फुटेना. आपण काय करून बसलो ते बाईंना लगेच कळलं. जे मूल सांगणार असेल त्याचं तोंड आता त्यांनीच शिवून टाकलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या की आता सगळ्यांनाच दवाखान्यात न्यावं लागेल, आणि त्या गाड्यांची व्यवस्था बघायला निघाल्या. इतक्या मुलांचे एक्स-रे काढून होईपर्यंत त्या एका मुलाचं काय होईल, याचा हिशेब बाईंना करवेना.

त्या सतरंजीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. मुलांना त्यांनी हळू आवाजात सकाळसारखं गोल बसायला सांगितलं. आता कुणी काही बोलायचं नाही, तोंडं बंद, नुसते हात बोलतील. सकाळी चकती हातात आली तेव्हा हाताने काय काय केलं, ते हातानेच करून दाखवायचं. डब्यातलं एक मोठं बटण त्यांनी शेजारच्या मुलाच्या तळव्यावर ठेवलं.

एकाने बटण शर्टाला पुसलं. एकाने डोळ्याला लावून खिडकीकडे पाहिलं. एकाने जिभेवर ठेवलं तेव्हा बाई अर्ध्या उठल्या, पण त्याने ते लगेच काढून बोटं झटकली आणि बेचव लागल्यासारखं तोंड केलं. एकीने जमिनीवर गरगर फिरवलं. बाईंना प्रत्येक हाताकडे पाहायचं होतं आणि घाई दिसू द्यायची नव्हती. अर्धं वर्तुळ झालं, तरी काहीच हाती लागलं नव्हतं.

मग बटण मुंगीकडे आलं. सगळ्यांत लहानखुरी आणि कमी बोलणारी म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिने बटण घेतलं आणि काहीच न करता पटकन पुढे दिलं. बाईंची नजर बटणाबरोबर पुढे जाणार, एवढ्यात मुंगीचा रिकामा हात वर गेला, नाकाला टेकला आणि खाली येऊन फ्रॉकमध्ये लपला.

बाई गुडघ्यांवर सरकत तिच्यापर्यंत गेल्या. त्यांनी तिची हनुवटी अलगद वर केली. डाव्या नाकपुडीतून काळपट पाणी येत होतं.

मोठ्या बाईंच्या गाडीत मुंगी बाईंच्या मांडीवर बसली होती. नाक शिंकरू नकोस, आत ओढू नकोस, तोंडाने श्वास घे, एवढंच बाई वाटभर सांगत राहिल्या. सिग्नलला गाडी थांबली की त्यांना खाली उतरून पळत सुटावंसं वाटे. दवाखान्यात डॉक्टरांनी कपाळावर दिवा बांधला, बाईंनी मुंगीचं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं, आणि एका बारीक चिमट्याच्या टोकाला काळाठिक्कर पडलेला सेल बाहेर आला. आत भाजलंय, डॉक्टर म्हणाले, पण नाकाचा पडदा शाबूत आहे. संध्याकाळपर्यंत राहिला असता तर भोक पडलं असतं. बाई खुर्ची ओढून बसल्या.

मुंगीची आई लाँड्रीतल्या कामावरून तशीच आली, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. बाईंनी काही झाकून ठेवलं नाही. ती वस्तू मीच मागवली, मीच मुलांच्या हातांत दिली आणि देताना चष्मा लावला नव्हता, असं सगळं सांगून टाकलं. आईने मुलीला मांडीवर घेतलं आणि तिचे केस मागे सारत राहिली. बोलली असती, चार शब्द सुनावले असते, तर बाईंना बरं वाटलं असतं.

न राहवून बाईंनी मुंगीला विचारलं, “तू मला का नाही सांगितलंस गं? परवा रंगाची बाटली सांडलीस, तेव्हा तर लगेच आली होतीस सांगायला.”

मुंगीच्या नाकात कापूस होता. तिने तोंडाने दोनतीन श्वास घेतले.

“मी येतच होते सांगायला,” ती म्हणाली. “पण तुम्ही ओरडलात. तुम्ही कधीच ओरडत नाही ना. म्हणून मला वाटलं, मी आता मरणारच.”

आईचा केसांवरून फिरणारा हात थांबला. मग तिने मुंगीला खांद्यावर घेतलं आणि ती दाराकडे निघाली. तपासताना काढलेले मुंगीचे बूट टेबलाखालीच राहिले होते. बाईंनी वाकून ते उचलले आणि हातात धरून त्या दोघींच्या मागून चालू लागल्या.