सगळ्यांसाठी एकच खुंटी

तिला कामावर सगळे 'सुटसुटीत' म्हणत. कुठलंही काम हाती आलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे जरा सुटसुटीत नाही का करता येणार?" अंगाने ठेंगणी, चालणं लगबगीचं, चष्मा कायम कपाळावर. आधी शाळेत गणित शिकवायची. मुलगी मोठी झाली तशी चाळिशीत वेबसाइट करायला शिकली आणि त्यात अशी रंगली, की नवरा म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या पडद्याकडेच जास्त प्रेमाने बघतेस." ती म्हणायची, "तो उलट बोलत नाही."

त्या वर्षी तिच्याकडे एका तपासणी केंद्राचं काम आलं. रक्त, गाठी, काय काय तिथे तपासलं जाई. पेशंटने घरी बसून आपला नंबर टाकायचा आणि आपला निकाल आपण बघायचा, अशी वेबसाइट त्यांना हवी होती.

आता अशा वेबसाइटला पानं अनेक. एकावर नाव, एकावर निकाल, एकावर डॉक्टरांचा सल्ला. समोर कोण बसलंय, हे प्रत्येक पानाला कळलं पाहिजे. रीत अशी, की येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा वेगळा कप्पा द्यायचा आणि प्रत्येक पानाने त्याच्याच कप्प्यात डोकावायचं. पण सुटसुटीतला हे लटांबर वाटलं. तिने सगळ्या पानांच्या मधोमध जणू एकच खुंटी ठोकली. जो येईल त्याचा नंबर खुंटीवर टांगायचा, आणि कुठल्याही पानाने तिथून तो वाचायचा. चार ओळींत काम फत्ते!

तालीमही झाली. तीच एका पेशंटच्या नावाने आत गेली, बाहेर आली, मग दुसऱ्याच्या नावाने गेली. दर वेळी निकाल बरोबर. एकच नट, एका वेळी एकच सोंग. रंगमंचावर दोघे एकदम आले तर काय, हे त्या तालमीत कळणार कसं?

वेबसाइट सुरू झाली त्या सकाळी घरून सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या मानेतली गाठ त्याच केंद्रात तपासायला दिली होती. डॉक्टरांनी संशय म्हणून ऑपरेशनची तारीखही धरून ठेवली होती. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

"अगं ए, वाचली तुझी सासू!" फोन कानापासून लांब धरावा लागला. "वर माझं नाव, खाली ठसठशीत अक्षरात, धोका आढळला नाही! आता माझी कटकट अजून वीस वर्षं सोसायची तयारी ठेव."

"सोसते हो आई, आनंदाने सोसते," ती म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून रडली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

ते पाणी संपायच्या आत केंद्रातल्या काउंटरवाल्याचा फोन आला.

"ताई, इथे एक व्यायामशाळेचे मास्तर आलेत. दाराएवढे रुंद."

"मग?"

"त्यांना तुमची वेबसाइट म्हणतेय, अभिनंदन, तुम्हाला दिवस गेलेत."

तिला हसू फुटलं. "नंबर चुकीचा टाकला असेल त्यांनी."

"माझ्यासमोर टाकला हो! वर नाव त्यांचंच आहे, निकाल भलत्याचाच. आणि मघाशी एका तरुण बाईचा फोन होता. सर्दीसाठी रक्त दिलं होतं तिने. ती रडत विचारत होती, मानेतल्या गाठीचं ऑपरेशन म्हणजे काय काय करतात?"

हसू ओठांवरच थिजलं. मानेतली गाठ!

सगळं तिला एकदम दिसलं, पडदा सर्रकन वर जावा तसं. सासूबाई आत गेल्या तेव्हा खुंटीवर त्यांचा नंबर होता, म्हणून नाव त्यांचं उमटलं. चष्मा पुसून निकालाचं पान उघडेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी येऊन त्याच खुंटीवर आपला नंबर टांगला. सासूबाईंनी वाचला तो निकाल परक्याचा. आणि त्यांचा स्वतःचा निकाल, कशाचीच कल्पना नसलेल्या एका पोरीच्या पडद्यावर.

तिने आधी वेबसाइट बंद केली आणि काउंटरवाल्याला कागदावरची नोंद काढायला लावून सासूबाईंच्या खऱ्या निकालाची खात्री करून घेतली. मग घरी फोन लावला.

"आई, तो निकाल तुमचा नाही. माझी चूक झाली. मी सगळ्यांसाठी एकच जागा ठेवली होती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई?"

"मी ऑपरेशनची तारीख रद्द केली," सासूबाई म्हणाल्या. आवाज एवढासा. "लगेच केली. म्हटलं, दुसऱ्या गरजूला मिळू दे."

आयुष्यभर जिने शेजारणीला विळीसुद्धा उसनी दिली नाही, तिने नेमका आजच दानधर्म करावा!

"तुम्ही फोन ठेवा. मी दवाखान्याशी बोलते."

दवाखान्यातली बाई शांतपणे म्हणाली, "ती वेळ आता रिकामी आहे. पण लगेच सांगा, दोघेजण थांबलेत."

"द्या, आम्हालाच द्या."

"नक्की? मघाशी तुमच्याच घरून..."

"नक्की. ती चूक माझी होती."

तिने पुन्हा घरी फोन केला. तारीख मिळाली, म्हणून सांगितलं.

"म्हणजे ती गाठ वाईटच ना?"

"हो आई."

"आणि मग माझा निकाल कुणी वाचला?"

"एका मुलीने. सर्दीसाठी गेली होती."

"अगं बाई!" सासूबाई एकदम किंचाळल्याच. "मग माझ्याशी काय बोलत बसलीस? ती बिचारी मेल्याहून मेली असेल! माझं दुखणं आहे, मी बघीन त्याचं काय करायचं ते. आधी तिला लाव फोन. आणि ऐक, घाबरत घाबरत बोलू नकोस, नाहीतर ती आणखीच घाबरेल."

काउंटरवाल्याकडून नंबर घेऊन तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला. रडून रडून थकलेला श्वास तेवढा ऐकू आला.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. "तो निकाल माझ्या सासूबाईंचा आहे."

पलीकडची मुलगी मोठ्याने हुंदका देऊन हसली, आणि हसता हसताच एकदम थांबली.

"अहो," ती म्हणाली, "त्यांना कळलंय का?"